आकाशातील एक तास, जमिनीवरील सहा

पहिल्या पानावर अग्रलेख छापण्याचा आमचा परिपाठ नाही. ती जागा वार्तेची. मताने आपले स्थान आतल्या पानावर ओळखून असावे, हा या व्यवसायाचा जुना संकेत आम्हासही मान्य आहे. तथापि काही गोष्टी रोजच घडत असतात आणि रोज घडतात म्हणूनच त्यांची वार्ता होत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील माणसाला घराचा उंबरा ओलांडल्यापासून विमानात पाऊल ठेवीपर्यंत किती वेळ लागतो, ही अशीच एक गोष्ट आहे. विमानास विलंब झाला तर वार्ता होते, नवी विमानसेवा सुरू झाली तर फीत कापतानाचे छायाचित्र छापले जाते. पण विमान वेळेवर सुटले आणि माणूसच त्याच्यापर्यंत पोहोचू शकला नाही, याची नोंद कोणी घेत नाही. ती आज येथे घ्यावयाची आहे.

वृत्तपत्राच्या व्यवसायात येण्यापूर्वी काही वर्षे आम्ही याच जिल्ह्यातील एका शाळेत मास्तरकी केली. आमचा विषय मराठी. परंतु गणिताचे शिक्षक रजेवर गेले की काळ-काम-वेगाची उदाहरणे आमच्या वाट्यास येत. एके दिवशी आम्ही फळ्यावर नेहमीचे उदाहरण घातले : दोन स्टेशनांमधील अंतर इतके, गाडीचा वेग ताशी इतका, तर प्रवासास वेळ किती? वर्गाने भागाकार करून बिनचूक उत्तर काढले. घाटावरच्या एका खेड्यातून रोज सायकलीने येणाऱ्या एका मुलाने मात्र हात वर केला आणि विचारले, "सर, स्टेशनापर्यंत जायला लागणारा वेळ धरायचा की नाही?" वर्ग हसला, आम्हीही हसलो, आणि "विचारले आहे तेवढेच काढ" असे म्हणून त्यास खाली बसविले. गेली अनेक वर्षे ते उत्तर आम्हास बोचत आहे. ज्याच्या तालुक्यात स्टेशनच नाही, त्या मुलाच्या दृष्टीने त्याचा प्रश्न हाच खरा प्रश्न होता. पुस्तकातले उदाहरण हेच अपुरे होते.

तेच उदाहरण आज विमानाचे घेऊन पाहू. छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ आणि नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळ यांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे ४०० किलोमीटर आहे. प्रादेशिक मार्गांवर वापरले जाणारे, पंख्यांवर चालणारे सत्तरएक आसनांचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. भागाकार केला तर उत्तर येते ४८ मिनिटे. प्रत्यक्षात तेवढ्यात भागत नाही. धावपट्टीच्या टोकाशी जाणे, उड्डाणाची अनुज्ञा मिळण्याची वाट पाहणे, उंची गाठणे, मग उतरण्यापूर्वी उंची व वेग टप्प्याटप्प्याने कमी करणे, आणि उतरल्यावर थांब्यापर्यंत येणे, या साऱ्यांत वेळ जातो. म्हणून वेळापत्रकात तास, सव्वा तास धरावा लागतो. याहून मोठे जेट विमान ताशी आठशे किलोमीटरच्या वेगाने जाऊ शकते, तरी इतक्या आखूड पल्ल्यावर त्याची फारशी बचत होत नाही. कारण पुरती उंची आणि पुरता वेग गाठतो न गाठतो तोच त्यास उतरण्याची तयारी करावी लागते. जवळच्या प्रवासात वेळ खातो तो आकाशातील प्रवास नव्हे, त्याची दोन टोके खातात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण आमचे पुढील सारे विवेचन तिच्यावरच उभे आहे.

नकाशावर पट्टी ठेवून या दोन विमानतळांना जोडणारी रेषा ओढली, तर ती चिखली आणि मेहकर या दोन गावांच्या मधून जाते. त्या रेषेने जाणारे विमान आमचा जिल्हा दहा-अकरा मिनिटांत ओलांडील. त्याच वेळी खाली चिखलीहून मेहकरला निघालेली एस. टी. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर जाण्यास तास तरी घेते, आणि वाटेत बैलगाड्यांची व ट्रॅक्टरांची रांग लागली तर त्याहून अधिक. वरचा प्रवासी खिडकीतून पाहून म्हणत असेल की हा मुलूख किती पटकन सरला. खालच्या प्रवाशास तो इतक्या पटकन कधीच सरलेला नाही.

आमचा जिल्हा विमानांच्या वाटेखाली आहे, ही काही आजची गोष्ट नव्हे. १९४९ च्या जानेवारीत या देशात रात्रीची विमानटपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांनी विमाने निघत, मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या ठिकाणी परतत. नागपूर देशाच्या मध्यावर आहे, या एका भौगोलिक सत्याचा इतका चतुर उपयोग क्वचितच कोणी केला असेल. मुंबईहून नागपुरास जाणारी सरळ वाट याच जिल्ह्यावरून जाते. मुंबईकराचे पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यास पोहोचावे म्हणून विमान रात्री या आकाशातून जात असे. पण चिखलीच्या पेठेत टाकलेले पत्र त्या विमानास गाठावयाचे, तर त्याने आधी घाट उतरून रेल्वे आणि मग रेल्वेने मोठे शहर गाठले पाहिजे! गाठ कोठे बसते आणि सुटते कोठे, हे त्या टपालाच्या थैलीने तेव्हाच सांगून ठेवले होते.

आता जिल्ह्याच्या रचनेकडे पाहू. बुलढाण्याचे तेरा तालुके. अजिंठ्याच्या डोंगररांगेने त्यांचे घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन भाग केले आहेत. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही घाटाखालची गावे मुंबई-नागपूर लोहमार्गावर आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा या घाटावरच्या सहा तालुक्यांत मात्र प्रवासी रेल्वेचे एकही स्टेशन नाही. जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या बुलढाणा शहरासही रेल्वे नाही. मलकापूरचे स्टेशन गाठावयाचे तर राजूर घाट उतरावा लागतो; खामगावास जावयाचे तर बोथा घाट आणि ज्ञानगंगेचे अभयारण्य ओलांडावे लागते. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या पंचवीस लाखांहून अधिक भरली. एवढ्या लोकवस्तीच्या जिल्ह्यात नियमित प्रवासी विमानसेवेचा विमानतळ नाही, याचे आम्हास तितके वैषम्य वाटत नाही. वैषम्य वाटते ते अशाचे की शेजारचे विमानतळही या लोकांच्या कामी यावेत तसे येत नाहीत.

बुलढाणा शहरापासून जळगावचा विमानतळ पक्ष्याच्या वाटेने ७५ किलोमीटर, अकोल्याचा शिवणी विमानतळ ९५ आणि चिकलठाणा ११० किलोमीटरच्या आसपास आहे. पक्षी नसलेल्या माणसास घाट, वळणे आणि गावांतील गर्दी धरून जळगाव व अकोला यांसाठी शंभर-सव्वाशे, तर संभाजीनगरसाठी दीडशेच्या जवळपास किलोमीटर पडतात. म्हणजे हा जिल्हा विमानतळांपासून दूर आहे, असे म्हणता येत नाही. तीन विमानतळांच्या मध्ये तो बसला आहे. पण आजूबाजूस तीन विहिरी असून दोर अपुरा पडावा, तशी त्याची अवस्था आहे.

हा दोर किती अपुरा पडतो, ते हिशेबानेच पाहू. चिखलीचा एक गृहस्थ मुंबईस निघाला आहे. त्याच्या वडिलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली आहे असे समजा, किंवा मुलीची परदेशी शिक्षणासाठीची मुलाखत आहे असे समजा. देऊळगाव राजा व जालना या मार्गाने चिकलठाणा विमानतळ त्याच्या घरापासून सुमारे १३० किलोमीटर. गाडी, वाट आणि मधला चहा धरून तीन तास. विमान सुटण्यापूर्वी दीड तास पोहोचले पाहिजे. विमानाचा प्रवास एक तास. मुंबईस उतरून सामान घेऊन रुग्णालयाच्या दाराशी जाण्यास आणखी दीड तास. एकूण सात तास. त्यांतील आकाशातला एक आणि जमिनीवरचे सहा! आता हाच गृहस्थ मलकापुरास जाऊन रात्रीच्या रेल्वेगाडीत बसला, तर स्टेशनापर्यंतची वाट धरून दहा-अकरा तासांत मुंबईस पोहोचतो, आणि त्यांतील बहुतेक तास त्याचे निजण्यात जातात. विमानाचे तिकीट, विमानतळापर्यंतच्या मोटारीचे भाडे आणि मुंबईतील टॅक्सी यांवर पदरचे एवढे पैसे मोडून त्याने मिळविले काय, तर तीन-चार तास. आणि विमान तासभर उशिरा सुटले तर त्यांतीलही एक उणा.

याच हिशेबातून दुसरा हिशेब निघतो आणि तोच आमच्या मते या प्रश्नाचे मर्म आहे. या गृहस्थाच्या विमानाचा वेग उद्या कोणी दुप्पट केला, तर त्याचा फार तर अर्धा तास वाचेल. त्याच्या घरापासून विमानतळापर्यंतच्या वाटेचा वेग दुप्पट केला, तर त्याचा दीड तास वाचेल. वेगवान विमाने बांधणे हे थोर अभियंत्यांचे काम आहे. चिखलीची वाट सुधारणे हे सार्वजनिक बांधकाम खात्याचे, एस. टी.चे आणि रेल्वेचे काम आहे. आणि तरीही आमच्या सभांतून, निवेदनांतून आणि अर्थसंकल्पी भाषणांतून ज्याचा गाजावाजा होतो, ते नेहमी आकाशातलेच असते.

शेवटच्या चार कोसांचे महत्त्व राज्यकर्त्यांना कळतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. त्यांना जेव्हा गरज वाटते तेव्हा ते नेमके कळते, याचा पुरावा याच जिल्ह्याच्या भूमीत आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस आटला आणि त्यांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. खामगाव ही तेव्हा कापसाची मोठी बाजारपेठ. १८६७ साली मुंबईहून येणारा लोहमार्ग नागपुरापर्यंत पोहोचला. परंतु तो खामगावास न जाता जलंबवरून गेला. मधले अंतर अवघे तेरा-एक किलोमीटर. एवढे अंतर बैलगाडीने काटता आले नसते काय? आजवर गाड्यांनीच कापूस जात होता. पण त्या तेरा किलोमीटरांत, पावसाळ्यातील काळ्या चिखलात, गठ्ठे अडतात, भिजतात आणि त्यामुळे मुख्य मार्गावरील वेगाचा सारा लाभ वाया जातो, हे तेव्हाच्या व्यापारी सरकारने ओळखले. जलंब ते खामगाव असा स्वतंत्र फाटा टाकण्यात आला आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याने स्वतः येऊन त्याचे उद्घाटन केले. हिंदुस्थानचा व्हाइसरॉय तेरा किलोमीटरच्या रुळांसाठी खामगावी येतो! परक्या सरकारच्या त्या धडपडीमागे खामगावकरांचे प्रेम नव्हते, लँकेशायरच्या गिरण्यांची भूक होती, हे आम्ही जाणतो. परंतु कापसाच्या गाठीसाठी जे परक्यांनी केले, ते स्वकीयांनी माणसासाठी का करू नये, एवढेच आम्ही विचारतो.

तो फाटा खामगावी जाऊन थांबला तो आजतागायत थांबलेलाच आहे. तो तेथून पुढे घाट चढून चिखली, देऊळगाव राजा या वाटेने जालन्यास न्यावा, ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. या मार्गाचे सर्वेक्षण इंग्रजी अमदानीत झाले, स्वातंत्र्यानंतर पुनःपुन्हा झाले. आजे गेले, बाप गेले, नातवांच्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले. खामगाव-जालना रेल्वेचे रूळ मात्र अद्याप आलेले नाहीत. हा सुमारे १६० किलोमीटरचा मार्ग झाला तर मुंबई-नागपूर आणि मनमाड-सिकंदराबाद हे दोन लोहमार्ग जोडले जातील, हा त्याचा ठाऊक असलेला लाभ. परंतु त्याचा आणखी एक लाभ आहे आणि त्याची चर्चा आम्ही क्वचितच ऐकली आहे. जालन्याहून संभाजीनगरास जाणाऱ्या त्याच लोहमार्गावर चिकलठाणा नावाचे स्टेशन आहे. म्हणजे ही रेल्वे झाली तर चिखलीचा माणूस विमानतळाच्या गावापर्यंत रुळावरून जाईल. ज्या मागणीस आपण रेल्वेची मागणी म्हणत आलो, ती विमानतळाचीही मागणी आहे!

समृद्धी महामार्गाचा अनुभवही हेच सांगतो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा सारा मार्ग वाहता झाला. आमच्या जिल्ह्यातील घाटावरच्या तालुक्यांतून तो जातो. मेहकरकरास नागपूर आता तीन-साडेतीन तासांवर आले, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. ज्या कामाने लोकांचा वेळ वाचतो, त्याचे श्रेय देण्यात कृपणता करू नये. परंतु हा मार्ग दोन्ही बाजूंनी बंदिस्त आहे. त्यावर चढण्याची दारे मोजकी आहेत, दुचाकीस व रिक्षास तेथे प्रवेश नाही, आणि ज्याच्यापाशी मोटार नाही त्यास त्या दारापर्यंत नेणारी बस क्वचितच मिळते. ज्याच्या शेताच्या बांधालगत तो मार्ग गेला, त्यास तो पाहता येतो, वापरता येत नाही. विमानाची गोष्ट येथे जमिनीवर उतरली आहे, इतकेच. वेगाची एक गोष्ट आणखीही आहे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ याच मार्गावर एका खासगी बसला आग लागून पंचवीस प्रवासी मृत्युमुखी पडले. नागपूरहून पुण्यास निघालेली ही माणसे. वेळ वाचविण्याच्या गोष्टी करताना त्यांचे स्मरण ठेवावे. पोहोचणे ही वेगाची पहिली अट आहे.

आता विमानसेवेच्या धोरणाकडे वळू. लहान शहरे विमानांनी जोडावीत म्हणून केंद्र सरकारने २०१६ साली 'उडान' योजना जाहीर केली. सुमारे तासाभराच्या प्रवासास काही आसनांचे भाडे अडीच हजार रुपयांत ठेवावे आणि कंपनीस येणारी तूट तीन वर्षे सरकारने भरून द्यावी, असे तिचे आरंभीचे स्वरूप. २७ एप्रिल २०१७ रोजी ज्या पहिल्या सेवांचा शुभारंभ झाला, त्यांत आमच्या शेजारच्या मराठवाड्यातील नांदेड-हैदराबाद ही सेवा होती. हेतू स्तुत्य होता. फळ काय मिळाले? महालेखापरीक्षकांनी २०२३ साली संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात ते आकड्यांत मांडले आहे. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिल्या गेलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ मार्गांवर सेवा सुरू झाली. त्यांतील ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली. आणि मुदत संपल्यानंतर मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिले ते अवघे ५४. शंभर रोपे लावावीत, निम्मी उगवावीत आणि हंगामाअखेर सात उभी असावीत, अशी शेती आमचा कोरडवाहू शेतकरीही करीत नाही.

जळगावकरांनी हे प्रत्यक्ष भोगले आहे. त्यांचा विमानतळ २०१२ साली झाला. २०१७ च्या अखेरीस सेवा आली, ती खंडित झाली; २०१९ मध्ये दुसरी कंपनी आली, तिचाही व्यवसाय २०२२ मध्ये थांबला; २०२४ मध्ये पुन्हा नव्या सेवा सुरू झाल्या. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा १६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाली, तिचे आम्ही स्वागतच करतो. अकोल्याचा शिवणी विमानतळ मात्र १९४३ सालचा, म्हणजे या दोहोंहून वडील. आणि तेथून नियमित प्रवासी सेवा नाही. अडचण धावपट्टीची आहे. तिची लांबी सुमारे १,४०० मीटर, आणि ती १,८०० मीटरपर्यंत वाढविण्याची गोष्ट अनेक वर्षे चालली आहे. यातील शास्त्र साधे आहे. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. तापलेली हवा विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल आणि यंत्रांना जोर कमी मिळतो. म्हणून तेच विमान उडण्यास अधिक धाव घेते. धावपट्टी आखूड असेल तर प्रवासी कमी घ्यावे लागतात, आणि प्रवासी कमी घेऊन कोणाही कंपनीचे पोट भरत नाही. चारशे मीटर जमिनीवर अकोला, वाशीम आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांची विमानसेवा अडून बसली आहे.

सेवा येते आणि जाते, याचे कारण प्रवासी नाहीत असे सांगितले जाते. आम्हास हे कारण अर्धवट वाटते. प्रवासी आहेत, पण ते विमानतळाच्या शहराबाहेर शंभर किलोमीटरवर आहेत आणि त्यांना तेथे आणण्याची तजवीज कोणी केलेली नाही. सरकारने तूट भरून दिली ती आकाशातल्या एका तासाची. जमिनीवरच्या सहा तासांना दमडी दिली नाही. शिवाय तीन वर्षांत लोकांची सवय बदलते न बदलते तोच आधार काढून घेतला. नॉर्वे हा आपल्याहून कितीतरी श्रीमंत देश. पण डोंगर आणि समुद्राच्या खाड्या यांनी तुकडे तुकडे झालेला. १९६८ पासून त्याने लहान लहान गावी अवघ्या आठशे मीटरच्या आसपास धावपट्ट्या बांधल्या, त्यांवर उतरू शकतील अशीच विमाने चालविली, आणि दुर्गम मार्गांची तूट सरकार आजही ठरावीक मुदतीच्या निविदा काढून भरून देते. अमेरिकेने १९७८ साली विमानधंद्यावरील निर्बंध उठविले, तेव्हा लहान गावे उघडी पडू नयेत म्हणून त्यांच्यासाठी अनुदानाची वेगळी योजना केली. तीही चालू आहे. मुक्त व्यापाराचे गोडवे गाणाऱ्या देशासही हे उमगले की काही वाटा नफ्यासाठी नसतात, माणसांसाठी असतात.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. पहिला असा की, विमान ही धनिकांची चैन आहे. जेथे शेतकरी कर्जापायी जीव देतो, तेथे विमानाची चर्चा कशाला? या आक्षेपामागील कळवळा आम्हास समजतो. परंतु विमानाची गरज ज्यास सर्वांत अधिक पडते, तो नेहमी धनिक असतोच असे नाही. सीमेवरून आठ दिवसांच्या रजेवर निघालेला जवान आमच्याच खेड्यांतला. त्याचे दोन दिवस वाटेत गेले तर आईच्या वाट्यास सहाच उरतात. अत्यवस्थ रुग्णास घेऊन निघालेले कुटुंब शेत गहाण ठेवूनही विमानाचे तिकीट काढते, आणि विमान चुकते ते घाटातल्या कोंडीत. आणि आम्ही मागतो आहोत ती वाट, बस आणि रेल्वे. तिचा उपयोग विमानाकडे न जाणाऱ्या शंभरांपैकी नव्याण्णवांनाही होणारच आहे.

दुसरा आक्षेप आमच्या स्वकीयांचा येईल : बुलढाण्यास स्वतंत्र विमानतळ का मागत नाही? शेगावी भक्तांची रीघ लागते, लोणारचे सरोवर पाहण्यास जगभरातून अभ्यासक येतात, १२ जानेवारीस सिंदखेड राजास जनसागर लोटतो. मग आम्हीच का मागे? या अभिमानाचे मूल्य आम्ही जाणतो, पण त्यास बळी पडू इच्छित नाही. २००९ साली राज्यातील पाच लहान विमानतळ दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खासगी हाती देण्यात आले. त्यांत विदर्भातील यवतमाळही होता. तेथील धावपट्टीने यवतमाळच्या माणसास नित्याची विमानसेवा दिली नाही. धावपट्टी असणे आणि विमान असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजारी तीन विमानतळ अर्धपोटी असताना चौथ्याचे पान मांडण्यात शहाणपण नाही. आधी आहेत त्यांच्यापर्यंत पोहोचू या.

म्हणून आमचे म्हणणे पुढीलप्रमाणे आहे. खामगाव-जालना रेल्वेची गोष्ट आता सर्वेक्षणाच्या भाषेत कोणी करू नये. भूसंपादन आणि मातीकाम यांची तारीख सांगावी. शिवणीच्या धावपट्टीचे काम एका निश्चित मुदतीत पुरे करावे आणि ती मुदत लोकांसमोर लिहून टांगावी. 'गाव तेथे रस्ता, रस्ता तेथे एस. टी.' हे ज्या महामंडळाचे ब्रीद, त्याने बुलढाणा, चिखली, मेहकर आणि खामगाव येथून चिकलठाणा व जळगाव विमानतळांकडे विमानांच्या वेळांशी जुळणाऱ्या गाड्या सोडाव्यात. आरंभी त्या निम्म्या रिकाम्या धावतील. त्यांची तूट विमानाच्या तुटीच्या मानाने किरकोळ असेल. समृद्धीच्या प्रत्येक दाराशी तालुक्याच्या गावाहून येणारी बस असावी. आणि विमानसेवेचे अनुदान तीन वर्षांवर तोडू नये; मात्र ते देताना विमानतळ आपल्या भोवतालच्या शंभर किलोमीटरांतील किती गावांशी सार्वजनिक वाहनाने जोडलेला आहे, याची अट घालावी. यांतील एकाही गोष्टीस नवे शास्त्र लागत नाही. लागते ते मोजमाप बदलणे. विमानतळापासून विमानतळापर्यंत मोजण्याची सवय सोडून उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत मोजावयास शिकले पाहिजे.

आमच्या लोकप्रतिनिधींना एक विनंती आहे. पुढल्या वेळी कोणी मंत्री व्यासपीठावरून "आता हे अंतर अवघ्या एका तासाचे झाले" असे सांगेल, तेव्हा टाळ्या वाजविण्यापूर्वी त्यांनी उठून एवढेच विचारावे की, हा तास कोठून मोजला? हा प्रश्न नवा नाही. घाटावरच्या एका सायकलस्वार मुलाने तो पूर्वी एकदा आमच्या वर्गात विचारला होता, आणि आम्ही त्यास खाली बसविले होते. आज त्याला उत्तर द्यावयाचे आहे : होय बाळ, तोही वेळ धरावयाचा. तुझ्या गावापासूनच धरावयाचा.